गादीला टेकलेले चाक : लातूर ते वाळूज, एका मोटारसायकलच्या वाहतुकीचे प्रकरण

गेल्या मे महिन्यात माझ्या भाच्याचे बिऱ्हाड लातूरहून छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला हलवायचे होते. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत त्याला नोकरी लागली होती, खोली ठरली होती आणि सामान नेण्यासाठी ओळखीतल्या एका चालकाचा टेम्पो, म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे छोटा हत्ती म्हणतात ती गाडी, भाड्याने घेतली होती. सामान फार नव्हते : दोन कापसाच्या गाद्या, एक कूलर, पुस्तकांची चार खोकी, भांड्यांचे एक पोते आणि लोखंडी घडीचा पलंग. हौद्यात बरीच जागा उरत होती. त्यामुळे, टेम्पो जातोच आहे तर मोटारसायकलही त्यातच जाईल, असा विचार निघाला आणि घरातल्या कोणालाच त्यात काही वावगे वाटले नाही. हा निर्णय एका वाक्यात झाला, हे मुद्दाम नोंदवतो. पुढे जे झाले, त्याचे बीज त्या एका वाक्यात होते. मोटारसायकल हे उरलेल्या जागेत बसवायचे सामान धरले गेले. वास्तविक तिची जागा आधी ठरवून उरलेले सामान तिच्याभोवती लावायला हवे होते.

गाडी रॉयल एनफील्डची जुनी क्लासिक ३५०, कार्बोरेटरची. तेल-पेट्रोलसह तिचे वजन १९० किलोच्या आसपास भरते. लांबी सव्वादोन मीटरला थोडी कमी. छोट्या हत्तीचा हौदा साधारण २.२ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद असतो, म्हणजे ही गाडी त्यात सरळ उभी केली तर जेमतेम बसते, तीही पुढचे चाक हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकले तरच. इथे तसे झाले नाही. गाद्यांची वळकटी करून ती आधीच पुढच्या भिंतीशी उभी लावली होती. ती सुमारे ४० सेंटिमीटर जाडीची होती. गाडीचे पुढचे चाक त्या वळकटीला टेकवण्यात आले. परिणामी मागचा मडगार्ड दीड वीत बाहेर आला, फाळका बंद होईना, म्हणून तो अर्धवट खाली ठेवून साखळीने अडकवला. "गादी हाय म्हणल्यावर चाकाला मारबी लागत नाही, मामा," असे चालकाने मला सांगितले आणि मला ते पटले. मी तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवतो, हे इथे सांगितले नाही तर ही नोंद अप्रामाणिक ठरेल. बल, घर्षण आणि स्प्रिंग यांवर वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिणारा माणूस फाळक्याजवळ चहाचा कप हातात घेऊन उभा होता आणि मान डोलावत होता.

चढवण्याचे काम सहा फुटी सेंट्रिंगच्या एका फळीवरून झाले. हौद्याची जमिनीपासूनची उंची मी नंतर मोजली तेव्हा ७० सेंटिमीटर भरली. सहा फूट म्हणजे १८३ सेंटिमीटर. या हिशेबाने फळीचा चढ साडेबावीस अंशांचा होतो आणि १९० किलोची गाडी त्या चढावर नुसती तोलून धरायलाच सुमारे ७३ किलोचा जोर लागतो. तीच फळी आठ फुटी असती तर चढ सतरा अंशांवर आला असता आणि जोर ५५ किलोंवर. फरक केवळ जोराचा नाही. पुढचे चाक हौद्यात आणि मागचे चाक अजून फळीवर, अशा क्षणी गाडीचे पोट हौद्याच्या काठावरून जाते. या गाडीच्या दोन चाकांमधले अंतर १३६ सेंटिमीटर आणि पोटाखालची मोकळी जागा साडेतेरा सेंटिमीटर आहे. साडेबावीस अंशांच्या चढाला काठावरून सुटण्यासाठी नेमकी तेवढीच, म्हणजे साडेतेराच्या आसपास, जागा लागते. आठ फुटी फळीला दहा पुरते. आमच्या वेळी खर्रकन आवाज झाला, तो यामुळे. गाडी पोटावर टेकली, मागून रेटणारे दोघे क्षणभर थांबले आणि हँडल धरलेल्या भाच्याने साहजिकच पुढचा ब्रेक दाबला. गाडी तरीही वीतभर मागे घसरली. चढावर गाडीचा भार मागच्या चाकावर येतो, पुढचे चाक हलके होते आणि हलक्या चाकाचा ब्रेक कितीही दाबला तरी ते चाक न फिरता नुसते घसरते. तिथे इंजिन बंद ठेवून गाडी पहिल्या गियरमध्ये टाकावी आणि क्लचने धरून-सोडून पुढे न्यावी, म्हणजे अटकाव मागच्या, भारदार चाकावर येतो. ही युक्ती आमच्यापैकी कोणालाच सुचली नाही. चौथा माणूस धावत आला म्हणून गाडी चढली. चढली एकदाची, या आनंदात बांधणीकडे कोणी नीट पाहिले नाही.

बांधणी अशी होती. गाडी साइड स्टँडवर उभी, म्हणजे डावीकडे कललेली. हँडलच्या दोन्ही मुठींजवळून निळ्या प्लास्टिकच्या दोरीचे एकेक वेटोळे घेऊन ती दोरी हौद्याच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या पुढच्या हुकांना नेऊन गाठ मारलेली. मागच्या बाजूला सीटवरून एक दोरी आडवी टाकलेली. गियरमध्ये गाडी नव्हती. पेट्रोलची टाकी आदल्या दिवशीच भाच्याने काठोकाठ भरली होती, कारण वाळूजला उतरल्या उतरल्या गाडी वापरायची होती. पेट्रोलचा कॉक चालूच राहिला होता. चालकाने हँडल धरून दोनदा हलवून पाहिले आणि "आता हलायली नाही," असा निर्वाळा दिला. उभ्या टेम्पोत ती खरोखरच हलत नव्हती.

लातूरहून अंबाजोगाई, केज, नेकनूर आणि मांजरसुंबा या मार्गाने टेम्पो निघाला. गावागणिक गतिरोधक आहेत, मधूनमधून रस्त्याचे काम चालू आहे, पण केजपर्यंत काहीही झाले नाही. केजला जेवणासाठी थांबल्यावर चालकाने आरशातून पाहिले, गाडी उभी दिसली, तेवढ्यावर समाधान मानले. मांजरसुंब्याला हा रस्ता सोलापूर–धुळे महामार्गाला, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ ला, मिळतो आणि तिथून बीडकडे जाताना बालाघाटाच्या पठारावरून खाली उतरावे लागते. या उतारावर पुढच्या मालट्रकने अचानक वेग कमी केला, आमच्या चालकाने करकचून ब्रेक दाबला आणि मागून दणका ऐकू आला. टेम्पो कडेला घेऊन पाहतात तो गाडी डाव्या अंगावर कूलरवर पडलेली, क्लचचा लिव्हर तुटलेला, डावा फूटरेस्ट वाकलेला, टाकीला हौद्याच्या काठाचा चेपा बसलेला. झाकणातून आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल गळून गाद्यांत मुरत होते. मे महिन्यातली दुपारची वेळ, तापलेला पत्रा आणि कापसात मुरलेले पेट्रोल. चालकाने खिशातली बिडी खिशातच ठेवली, हे त्याचे शहाणपण. मला या सगळ्या घटनेत गाडीच्या चेप्यापेक्षा त्या गाद्यांची अधिक भीती वाटते.

चालक आणि टेम्पोत सोबत असलेला भाचा या दोघांनी रस्त्यावरच्या दोन माणसांच्या मदतीने गाडी उभी केली, कॉक बंद केला आणि हळूहळू बीड गाठले. तिथल्या एका मिस्त्रीकडे गाडी उतरवून टेम्पो उरलेले सामान घेऊन पुढे गेला. मी दुसऱ्या दिवशी एसटीने बीडला पोहोचलो. भाच्याने उतारावरच मोबाइलवर सहा-सात छायाचित्रे काढली होती आणि दोऱ्या फेकून न देता पिशवीत भरून ठेवल्या होत्या. त्यामुळे काय झाले असावे याचा अंदाज बांधण्याऐवजी बरेचसे प्रत्यक्ष तपासता आले.

दोरीचे काय झाले

घरातले सर्वांचे पहिले मत होते की दोरी तुटली. दोरी तुटलेली नव्हती. डाव्या बाजूच्या दोरीची गाठ जशीच्या तशी होती. उजव्या बाजूच्या दोरीची गाठ सुटलेली होती आणि हौद्याच्या पत्र्याच्या काठावर जिथे ती दोरी वळत होती तिथे तिचे पीळ अर्ध्यापर्यंत कातरले गेले होते. गाडी डावीकडे पडताना उजवीच दोरी तिला धरू शकत होती, म्हणून दोष उजव्या दोरीचा, इतके तर्काने कळत होते. पण ती गाठ सुटायच्या आधी काय घडले, हा खरा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर गादीत सापडले. वळकटीवर टायरचा खळगा स्पष्ट उमटला होता. टेप लावून पाहिले तर तो आठ सेंटिमीटरांच्या आसपास खोल होता, म्हणजे पुढचे चाक तेवढे पुढे सरकले होते.

आता दोरीची मापे पाहू. हँडलवरचे वेटोळे हौद्याच्या तळापासून सुमारे १०५ सेंटिमीटर उंचीवर होते. हुक बाहेरच्या बाजूला असल्याने दोरी आधी हौद्याच्या काठावर टेकत होती. हा काठ तळापासून ३० सेंटिमीटर वर, हँडलच्या ४० सेंटिमीटर पुढे आणि ३६ सेंटिमीटर बाजूला होता. या तीन अंतरांवरून हँडल ते काठ एवढ्या दोरीची लांबी ९२ सेंटिमीटर येते. चाक आठ सेंटिमीटर पुढे गेले की हीच लांबी ८९ सेंटिमीटर उरते, म्हणजे तीन सेंटिमीटर दोरी सैल. ब्रेक दाबल्यावर गाडीचे नाक खाली जाते. पुढचे शॉकअप पाच सेंटिमीटर जरी दबले तरी लांबी ८५ वर येते. म्हणजे बांधताना कडक असलेल्या दोरीत त्या क्षणी सात सेंटिमीटर ढील होती. उभ्या टेम्पोत हँडल हलवून पाहण्याने ही ढील कधीच दिसली नसती, कारण ती उभ्या टेम्पोत नव्हतीच.

त्याच क्षणी स्टँडचे काय झाले हे पाहिल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही. साइड स्टँड उघडताना पायाने पुढे ढकलतो आणि मिटताना तो मागे जातो. स्टँडचे टोक हौद्याच्या तळावर अडकलेले आणि गाडी पुढे सरकते आहे, म्हणजे गाडीच्या दृष्टीने स्टँड मागे ढकलला जातो आहे, अर्थात मिटतो आहे. हौद्याच्या तळाच्या रंगावर स्टँडच्या टोकाची बोटभर लांबीची ओरखड छायाचित्रात स्वच्छ दिसत होती. आधीच डावीकडे कललेल्या गाडीचा आधार निघून गेला, उजवी दोरी सात सेंटिमीटर ढिली होती, तेवढ्या अंतरात गाडीने पडण्याचा वेग घेतला आणि मग ती दोरी झटक्याने ताणली गेली. संथ ताण सहन करणारी गाठ झटका सहन करेलच असे नाही. गुळगुळीत प्लास्टिकच्या दोरीत तर गाठ सरकतेच, त्यात ही दोरी वर्षभर टेम्पोच्या हौद्यात उन्हात पडून कडक झालेली होती.

हिशेब म्हणून आणखी एक आकडा. टेम्पोने जोराचा ब्रेक मारला की गुरुत्वत्वरणाच्या निम्म्याइतके मंदन, म्हणजे वेग घटण्याचा दर, येऊ शकते. १९० किलोच्या गाडीवर त्याचा अर्थ पुढच्या दिशेने ९५ किलोंचा रेटा. तो रेटा लोखंडी भिंतीवर आला असता तर काहीही बिघडले नसते, कारण भिंत दबत नाही. कापसाची गादी दबते. चालकाचा "चाकाला मार लागत नाही" हा मुद्दा चाकापुरता खरा होता. फक्त मार चुकवण्यासाठी गादी जी जागा देत होती, तीच जागा दोरीतून वजा होत होती.

यात चालकाला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे आणि माझ्या बहिणीने ते फोनवर यथास्थित केलेही. मला ते न्याय्य वाटत नाही. तो रोज सोयाबीन, कडबा, पाण्याच्या टाक्या आणि लग्नाच्या पंगतीची भांडी वाहतो. अशा मालाला वरून दोरी आवळली की माल आणि हौदा एक होतात, कारण पोत्याला स्प्रिंग नसते. मोटारसायकल मात्र स्वतःच दोन स्प्रिंगांवर उभी असलेली वस्तू आहे. पोत्याची बांधणी तिला लागू पडत नाही, हे त्याला सांगायला हवे होते आणि सांगू शकणारा माणूस चहा पीत होता.

विम्याचा विषय थोडक्यात. मोटार विम्यातल्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात रस्ते, रेल्वे, अंतर्गत जलमार्ग, लिफ्ट किंवा विमान यांतून गाडीची वाहतूक होत असताना झालेले नुकसान समाविष्ट असते. भाच्याकडे फक्त तृतीय पक्षाचा विमा होता, त्यामुळे दमडीही मिळण्याचा प्रश्न नव्हता. गाडी दुसऱ्या वाहनातून न्यायची असेल तर निघण्यापूर्वी पॉलिसीचा हा भाग चालू आहे की नाही एवढे पाहणे पाच मिनिटांचे काम आहे.

बीडमधली दुसरी बांधणी

मिस्त्रीने दोन दिवसांत लिव्हर बदलला, फूटरेस्ट तापवून सरळ केला, कार्बोरेटर धुतला आणि हँडलचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग, तपासून दिला. टाकीचा चेपा तसाच ठेवला. तेथून वाळूजपर्यंत गाडी चालवत नेता आली असती. भाच्याची तशी इच्छाही होती. परंतु पडताना त्याच्या मनगटाला झटका बसला होता, कारण दणका ऐकून तो टेम्पो पूर्ण थांबण्यापूर्वीच उतरला आणि घसरला. शिवाय मलाच हे काम एकदा नीट करून पाहायचे होते. शिक्षकाची खोड म्हणा.

या वेळी रिकामा जाणारा एक बोलेरो पिकअप मिळाला. पहिली गोष्ट म्हणजे टाकीतले पेट्रोल काढले. दोनेक लिटर ठेवले, उरलेले मिस्त्रीने त्याच्या हिशेबात वळते करून घेतले. साडेतेरा लिटरची टाकी भरलेली असली तर सुमारे दहा किलो वजन गाडीच्या अगदी वरच्या भागात असते, गळतीचा धोका वेगळाच. कॉक बंद केला आणि तो बंद असल्याची खात्री भाच्याकडून दोनदा वदवून घेतली.

चढवण्यासाठी फळी वापरलीच नाही. मिस्त्रीच्या दुकानापासून शंभर पावलांवर सिमेंटचे एक गोदाम होते. मालट्रकमधून पोती उतरवण्यासाठी त्याला ओटा बांधलेला होता आणि ओट्याच्या एका टोकाला हातगाडीसाठी लांबलचक उतार होता. गोदामातल्या हमालांनी ओटा वापरू दिला. पिकअप मागे घेत ओट्याला लावला तेव्हा ओटा आणि हौदा यांच्यात चार बोटांचा फरक उरला. त्यावर एक जाड लाकडी पाट टाकला आणि भाच्याने गाडी एकट्याने ढकलत आत नेली. लातूरमध्ये चार माणसांनी घाम गाळला ते काम इथे एका दुखऱ्या मनगटाच्या माणसाने केले. मराठवाड्यातल्या बहुतेक तालुक्यांच्या गावी आडत बाजार असतो, तिथे असा ओटा सहसा सापडतो. लातूरची बाजार समिती तर आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे, आणि आम्ही सहा फुटी फळीवर झुंजत होतो.

हौद्यात गाडी सरळ, मध्यभागी, पुढचे चाक थेट पुढच्या लोखंडी भिंतीला टेकवून उभी केली. मध्ये गादी, पोते, कपडा काहीही नाही. टायर हाच पुरेसा मऊ असतो. मागच्या चाकाच्या मागे लाकडी ठोकळा ठोकून बसवला. दोन्ही स्टँड वर. जोपर्यंत पट्टे आवळले जात नाहीत तोपर्यंत एक माणूस गाडी सरळ धरून उभा राहतो, त्याला पर्याय नाही. डबल स्टँडवर गाडी उभी करून बांधण्याची पद्धतही मी पाहिली आहे. त्यात एक चाक अधांतरी राहते आणि प्रत्येक खड्ड्यात सगळा भार स्टँडच्या दोन पायांवर आपटतो, म्हणून ती मला मान्य नाही.

दोरीऐवजी रॅचेटचे, म्हणजे दातेरी खटक्याने एकेक दात आवळता येणारे, चार पट्टे घेतले. बीडमध्ये मालट्रकचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांत ते मिळतात. पुढचे दोन पट्टे हँडलला बांधले नाहीत. हँडलच्या मुठी लांब असतात, तिथे ओढले की हँडल फिरते आणि वायरी, क्लचची केबल चेपते. हे पट्टे हेडलाइटखाली, जिथे शॉकअपचे दोन्ही पाय खालच्या टीमध्ये घट्ट बसतात, त्या टीला जुन्या चादरीच्या पट्टीवरून गुंडाळले. टीपासून एक पट्टा डावीकडच्या आणि एक उजवीकडच्या पुढच्या कोपऱ्यात, खाली आणि किंचित पुढे ओढणारा. या पिकअपच्या हौद्याच्या आतल्या बाजूला तळाशी कड्या होत्या, त्यामुळे पट्टा काठावरून वळत नव्हता. कड्या बाहेरच असतील तर काठावर गोणपाटाची चौघडी घालावी, एवढे त्या कातरलेल्या निळ्या दोरीने शिकवले.

यानंतरचे काम हेच या सगळ्या प्रकरणाचे सार आहे, म्हणून ते सविस्तर लिहितो. पट्टे आवळण्यापूर्वी पुढच्या चाकाच्या अ‍ॅक्सलपासून टीपर्यंतचे अंतर टेपने मोजून भाच्याच्या तळहातावर पेनने लिहिले. मग दोघांनी हँडलवर भार देऊन गाडीचे नाक खाली दाबले आणि मी दोन्ही बाजूंचे रॅचेट आळीपाळीने, दोन-दोन दात, आवळत गेलो. एकच बाजू आधी पूर्ण आवळली तर गाडी तिकडे झुकते आणि पुन्हा सरळ करायला सगळे सोडावे लागते. अंतर पाच सेंटिमीटरने कमी झाल्यावर थांबलो. या गाडीच्या पुढच्या शॉकअपची एकूण चाल १३ सेंटिमीटर आहे, म्हणजे निम्म्याहून कमी दाबले. पूर्ण दाबले तर शॉकअप तळाला टेकतो, मग प्रत्येक खड्ड्याचा धक्का थेट टीवर आणि पट्ट्यांवर येतो आणि ऑइल सीलवरही विनाकारण ताण राहतो. अजिबात न दाबता नुसते पट्टे कडक केले, तर पहिल्याच खड्ड्यात शॉकअप दबतो आणि पट्टे ढिले पडतात. लातूरच्या बांधणीत नेमके हेच होते.

दाबलेला शॉकअप सतत वर उठू पाहतो आणि पट्टे त्याला उठू देत नाहीत. या दोघांच्या ओढाताणीतून पट्टे सदैव ताठ राहतात. खड्ड्याला ते ढिले करायचे असतील तर त्याला आधी हा साठवलेला ताण संपवावा लागतो, आणि तो संपवण्याइतका मोठा धक्का क्वचितच येतो. एका अर्थाने गाडीला पट्टे धरत नाहीत. गाडीची स्वतःचीच स्प्रिंग तिला जागेवर धरते आणि पट्ट्यांचे काम त्या स्प्रिंगला दाबून ठेवण्याचे. मालाच्या बांधणीत आणि मोटारसायकलच्या बांधणीत असलेला फरक एवढाच आहे.

मागच्या पट्ट्यांबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. ते मागच्या फूटरेस्टच्या जोडापासून, फ्रेमच्या जाड भागाला धरून, मागच्या दोन कोपऱ्यांकडे नेले आणि हाताने ओढून ताठ होतील इतकेच आवळले. त्यांचे काम मागचे चाक डावी-उजवीकडे उडू न देण्याचे आहे. गाडी पहिल्या गियरमध्ये टाकली. पुढच्या ब्रेकचा लिव्हर सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याने मुठीला बांधून टाकला. पट्ट्यांची सुटी टोके गुंडाळून गाठ मारली, कारण वाऱ्यावर फडफडणारे टोक रंगावर ओरखडे काढते आणि कधी रॅचेटच्या खटक्यात अडकून तो उघडतेही.

नोंदणीचे पुस्तक, पीयूसी आणि विम्याची प्रत भाच्याने चालकाच्या हाती न देता स्वतःजवळ ठेवली. वाटेत कोणी विचारले नाही.

बीडहून निघाल्यावर दहा-बारा किलोमीटरवर पहिला थांबा घेतला. हा थांबा मी आग्रहाने घ्यायला लावला, कारण नवे पट्टे सुरुवातीला थोडे ताणले जातात आणि गाठी-वेटोळी बसतात. डावा पट्टा एक दात आणि उजवा दोन दात आवळावा लागला. पुढे गेवराईला आणि गोदावरीच्या पुलानंतर शहागडला पुन्हा हात लावून पाहिले; दोन्ही वेळा काहीच करावे लागले नाही. पाचोडच्या अलीकडे रस्त्यावर अचानक म्हशी आल्या आणि पिकअपने मांजरसुंब्याच्या उतारावर बसला तितकाच जोराचा ब्रेक मारला. मी मागच्या काचेतून पाहत होतो. गाडीचे नाक बोटभर खाली गेले आणि वर आले, बस. चालकाने विचारले, "मामा, पडली का?" त्याला आदल्या आठवड्याची हकिगत मीच सांगितली होती.

वाळूजला ओटा नव्हता. खोलीजवळच्या बांधकामावरून आठ फुटी दोन फळ्या मिळाल्या. एक गाडीसाठी आणि दुसरी शेजारी, हँडल धरणाऱ्या माणसाच्या पायांसाठी. लातूरला ही दुसरी फळी नव्हती, म्हणून भाचा जमिनीवरून हात उंचावून हँडल सावरत होता. फळ्यांचे वरचे टोक हौद्याच्या कड्यांना दोरीने बांधले, नाहीतर चाकाच्या रेट्याने फळी मागे सरकून निसटते. पट्टे सोडताना आधी मागचे सोडले. पुढचे दोन्ही एकदम सोडले नाहीत. एक माणूस गाडी धरून असताना आळीपाळीने थोडे-थोडे सैल केले, कारण दाबलेला शॉकअप एकदम सुटला तर हँडल उसळून धरणाऱ्याच्या हनुवटीवर येते. अ‍ॅक्सल ते टीचे अंतर पुन्हा मोजले. भाच्याच्या तळहातावरचा आकडा घामाने पुसला गेला होता, पण माझ्या वहीत होता. शॉकअप पूर्ण वर आला होता आणि सीलभोवती तेलाचा थेंबही नव्हता. गाडी मागच्या बाजूने, पहिल्या गियरमध्ये, इंजिन बंद ठेवून क्लचने धरत-सोडत उतरवली. उतरताना मागचे चाक खाली असते, भार त्यावरच असतो, त्यामुळे अटकावही तिथेच हवा.

एक नुकसान मात्र उशिरा लक्षात आले. उतारावर स्टँड मिटताना त्याचा फ्रेमला जोडलेला लोखंडी कान थोडा वाकला होता, आणि बीडच्या मिस्त्रीने लिव्हर-फूटरेस्ट पाहिले तरी हा कान त्याच्या किंवा माझ्या नजरेतून सुटला. स्टँडवर लावली की गाडी पूर्वीपेक्षा अधिक डावीकडे झुकते. तो कान फ्रेमला वेल्ड केलेला असल्याने तापवून सरळ करायला भाचा राजी नाही. वाळूजच्या खोलीसमोर त्याने शहाबादी फरशीचा एक तुकडा ठेवला आहे. गाडी लावताना स्टँडचे टोक त्यावर येईल असे पाहून मगच तो उतरतो.